आजारी नवजात बाळाच्या रुग्णवाहतुकीची गुणवत्ता कशी मोजावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ जिवंत पोहोचले, एवढे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. ग्रामीण रुग्णालयातून दुपारी निघालेले १,८०० ग्रॅम वजनाचे बाळ संध्याकाळी जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे विशेष नवजात काळजी कक्षात, दाखल झाले की वहीत 'पोहोचले' अशी नोंद होते. निघताना त्याच्या काखेतले तापमान ३६.६ अंश सेल्सिअस होते आणि उतरताना ते ३४.८ वर आले असेल, तर वाटेत बाळाचे नुकसान झालेले असते. पण ते त्या नोंदीत कुठेही दिसत नाही. थंड पडलेले बाळ अंगातली ऊब टिकवण्यासाठी अधिक ऑक्सिजन आणि अधिक साखर खर्च करते. साखर उतरते, श्वास वाढतो, फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच अशक्त असलेले शरीर आणखी खचते. दोन दिवसांनी मृत्यू झाला तर कारण म्हणून जंतुसंसर्ग किंवा कमी वजन लिहिले जाते, प्रवासाचा उल्लेखही होत नाही. म्हणून गुणवत्तेचा पहिला प्रश्न असा असला पाहिजे: निघताना बाळ ज्या अवस्थेत होते, त्या तुलनेत उतरताना ते सुधारले होते, तसेच होते की बिघडले होते?

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली या गुणवत्तेची रचना (गाड्या, साधने, माणसे), प्रक्रिया (प्रत्यक्ष केलेले काम) आणि परिणाम (रुग्णाचे पुढे काय झाले) अशी विभागणी मांडली. आपल्याकडे रचना सर्वांत जास्त मोजली जाते, कारण ती मोजणे सोपे आहे. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, हे आकडे कोणालाही मिळतात. त्या गाड्यांतून उतरलेली नवजात बाळे किती उबदार होती, हा आकडा मात्र मागितला तरच मिळतो, आणि तो मागण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

फक्त रुग्णवाहिकेतून आलेल्या बाळांचीच मोजणी करायची का?

नाही, आणि या ठिकाणी होणारी गफलत सर्वांत महाग पडते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून आजारी नवजात बाळाला मोफत वाहतुकीचा हक्क दिला आहे. तरीही अनेक बाळे भाड्याच्या जीपने, रिक्षाने किंवा दुचाकीवर आजीच्या मांडीवरून येतात. केवळ रुग्णवाहिकेतील बाळांची सरासरी काढली, तर सेवा उत्तम असल्याचा भास होईल आणि ज्यांना सेवा मिळालीच नाही ती बाळे हिशेबातून गळून पडतील. बाहेर जन्मून दाखल झालेले प्रत्येक बाळ मोजावे, ते कोणत्या वाहनाने आले आणि सोबत कोण होते हे लिहावे, आणि मगच दोन्ही गटांची तुलना करावी. वाटेत दगावलेले बाळ, तसेच गाडीची वाट पाहत पाठवणाऱ्या रुग्णालयातच दगावलेले बाळ, हीसुद्धा याच हिशेबात आली पाहिजेत. दाखल झालेल्यांचाच हिशेब ठेवला, तर सर्वांत उशीर झालेली बाळे त्यात कधीच येणार नाहीत.

साधने कमी आहेत. मोजक्याच गोष्टी मोजायच्या असतील तर कोणत्या?

तापमान, ऑक्सिजन, रक्ताभिसरण आणि साखर. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टॉप्स' नावाने ओळखली जाणारी ही पद्धत दिल्लीतील डॉक्टरांनी २००७ साली मांडली, आणि बाहेरून आणलेल्या नवजात बाळांतील मृत्यूच्या धोक्याचा अंदाज तिच्यातून बांधता येतो, हे दाखवले. तिला रक्ताच्या महागड्या तपासण्या लागत नाहीत. थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढ्या साहित्यावर ती भागते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सुरुवात करायला ती मला सर्वांत योग्य वाटते.

काखेतले तापमान ३६.५ अंशांखाली असणे, ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांखाली असणे, छातीच्या हाडावर बोट ५ सेकंद दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांहून अधिक वेळ लागणे, आणि रक्तातील साखर ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असणे, या चार खुणा आहेत. त्यांपैकी जितक्या बिघडलेल्या, तितका धोका अधिक. मात्र या चारही गोष्टी दोनदा मोजल्या पाहिजेत: एकदा निघण्यापूर्वी आणि एकदा दाखल होताच, शक्यतो पहिल्या १५ मिनिटांत. बाळाला वॉर्मरखाली अर्धा तास ठेवून घेतलेले तापमान वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

ऑक्सिजनच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पातळीचा आकडा लिहिताना बाळाला त्या वेळी किती ऑक्सिजन चालू होता, हेही लिहावे. अपुऱ्या दिवसांचे बाळ पूर्ण ऑक्सिजनवर १०० टक्के पातळी घेऊन आले, तर नोंदीत ते छान दिसते, परंतु अतिरिक्त ऑक्सिजनमुळे त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका वाढलेला असतो. अशा बाळाची पातळी ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली का, हा योग्य प्रश्न आहे. वरची मर्यादा ओलांडणे ही उणीव म्हणूनच मोजावी.

तापमानावर एवढा भर का?

कारण ते कमीत कमी खर्चात सांभाळता येते आणि तरीही सर्वांत जास्त वेळा तेच हातातून निसटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ३६.० ते ३६.४ अंश म्हणजे थंडीचा ताण, ३२.० ते ३५.९ म्हणजे मध्यम आणि ३२ अंशांखाली म्हणजे तीव्र शीतावस्था. यातला मधला पट्टा फार रुंद आहे. ३५.८ वरचे आणि ३२.५ वरचे बाळ एकाच रकान्यात बसते, म्हणून केवळ वर्ग न लिहिता प्रत्यक्ष अंश लिहावेत. साध्या थर्मामीटरवर ३५ अंशांखालचे तापमान दिसतच नाही, ही अडचण तर अनेकांच्या लक्षातही येत नाही. ज्या कक्षाच्या वहीत एकही बाळ ३५ च्या खाली नाही, तिथे कमी तापमान दाखवणारा थर्मामीटर आहे का, हे आधी पाहावे.

मेळघाटातील धारणीहून अमरावतीला यायचे तर सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाट, म्हणजे तीन-चार तास. डिसेंबरच्या पहाटे एवढ्या प्रवासात इन्क्युबेटरची बॅटरी उतरली, तर उरते ते आईचे अंग. बाळाला आईच्या किंवा दुसऱ्या निरोगी नातेवाइकाच्या उघड्या छातीशी, टोपी-मोजे घालून, कांगारू पद्धतीने बांधून नेणे हा नाइलाजाचा उपाय मानण्याचे कारण नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात, १ किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू काळजी दिल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२.० टक्क्यांवर आले होते, आणि त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही सहभागी होते. तो अभ्यास रुग्णालयातला होता, गाडीतला नव्हता, हे खरे. तरीही स्थिर असलेल्या बाळासाठी वाटेत कांगारू पद्धत वापरली की नाही, हा स्वतंत्र रकाना नोंदवहीत असावा, असे माझे ठाम मत आहे.

जन्मताच श्वास कोंडलेल्या काही बाळांना मुद्दाम थंड ठेवण्याचा उपचार ३३ ते ३४ अंशांवर केला जातो. अशी बाळे शीतावस्थेच्या गणतीतून वेगळी काढावीत. मात्र हा अपवाद सैलपणे वापरू नये. भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स अभ्यासात या उपचाराने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट मृत्यू वाढले. बाळ थंड पडून आले आणि नंतर 'आम्ही थंडच ठेवत होतो' असे लिहिले गेले, तर निघतानाचा लेखी निर्णय मागावा.

'ट्रिप्स' म्हणजे काय, आणि 'टॉप्स' असताना ते कशासाठी?

ट्रिप्स ही कॅनडात तयार झालेली आणि २००१ साली प्रसिद्ध झालेली गुणांकन पद्धत आहे. तीत तापमान, श्वासाची स्थिती, वरचा रक्तदाब आणि टोचल्यावर बाळ देत असलेला प्रतिसाद यांना वजनानुसार गुण दिले जातात. एकूण शून्य ते ६५, आणि जितके गुण जास्त तितका धोका जास्त. समजा, निघताना बाळाचे तापमान ३५.८ (८ गुण), वरचा रक्तदाब ३८ (१६ गुण), श्वास मिनिटाला ७० (५ गुण) आणि टोचल्यावर सुस्त हालचाल, रडणे नाही (६ गुण), तर बेरीज ३५ होते. वाटेत पथकाने त्याला ऊब दिली, तापमान ३६.७ झाले आणि बाकी सारे तसेच राहिले, तर उतरताना २७. हा ८ गुणांचा फरक पथकाच्या कामाबद्दल काही तरी निश्चित सांगतो. एकट्या ३५ किंवा एकट्या २७ मधून ते कळत नाही.

कॅलिफोर्नियाने हीच कल्पना पुढे नेऊन राज्यभराच्या नोंदींसाठी आपली आवृत्ती तयार केली. जिथे नवजात बाळाला लागेल त्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा आहे आणि तो वापरण्याचा सराव आहे, तिथे ट्रिप्स घ्यावी. नसेल तिथे अंदाजे रक्तदाब लिहिण्यापेक्षा टॉप्सवर थांबावे. १६ गुण द्यायचे की रक्तदाब फारच कमी म्हणून २६, हे जिथे एका आकड्यावर ठरते, तिथे चुकीचा पट्टा सगळा हिशेब फिरवतो.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची?

गाडी निघाल्यापासून नव्हे, तर बाळाला हलवायचे असा निर्णय झाला त्या क्षणापासून. आपल्याकडे प्रतिसादाचा वेळ म्हणजे फोन लागल्यापासून गाडी दारात येईपर्यंतचा, असा समज आहे. प्रत्यक्षात खूप वेळ त्याच्या आधी आणि नंतर जातो. आधी खाट शिल्लक आहे का हे विचारण्यात, वडिलांना गावाहून बोलावण्यात, चिठ्ठी लिहिण्यात. नंतर बाळाला सुई लावण्यात, आणि शेवटी दारावर 'खाली फाइल काढून या' हे ऐकण्यात. निर्णय, पहिला फोन, खाटेची खात्री, गाडी येणे, पथकाने बाळ ताब्यात घेणे, निघणे, पोहोचणे आणि कक्षातील डॉक्टरांनी बाळ स्वीकारणे, या प्रत्येक क्षणाची वेळ लिहिली तर अडसर नेमका कुठे आहे हे दिसते. ब्रिटनमध्ये अत्यंत तातडीच्या बाळासाठी पथकाने फोन सुरू झाल्यापासून एका तासात तळावरून निघावे, असे मानक आहे. भिंतीवरची घड्याळे पुढे-मागे असतात, म्हणून सर्वांनी मोबाइलमधली वेळ वापरावी.

या वेळांची सरासरी काढू नये. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता बंद झाला, तर एकाच बाळाच्या २० तासांनी महिन्याची सरासरी बिघडते. मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, काढावा, आणि त्याच्या शेजारी १० पैकी ९ बाळे किती वेळात पोहोचली तो आकडा लिहावा. पण पुरातले ते बाळ वगळू नये. त्याची हकिगत स्वतंत्र लिहावी, कारण पुढच्या पावसाळ्याचे नियोजन त्याच्यावरच उभे राहते.

म्हणजे जितकी जलद सेवा तितकी चांगली?

नेहमी नाही. आतड्याला पीळ पडलेल्या बाळासाठी प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. परंतु श्वास लागलेल्या, साखर उतरलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला स्थिर करण्यासाठी पथक पाठवणाऱ्या रुग्णालयात तासभर थांबले, तर तो तास वाया गेलेला नसतो. चालत्या गाडीत श्वासनलिकेत नळी घालणे किंवा शीर शोधणे फार अवघड असते. म्हणून स्थिर करण्याचा वेळ आणि उतरतानाची अवस्था हे आकडे नेहमी शेजारी शेजारी वाचावेत; फक्त वेळेवर बक्षीस ठेवले, तर पथके बाळाला सावरण्याआधीच उचलू लागतील.

वाटेत काय काय बिघडले, हे कसे मोजायचे?

आधी व्याख्या ठरवाव्यात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलेले नवजात व बालकांच्या वाहतुकीचे १२ मूलभूत निर्देशक २०१५ साली प्रसिद्ध झाले. नळी किंवा शिरेतली सुई नकळत निसटणे, उपकरण बंद पडणे, औषधाची चूक, वाटेत छातीदाब द्यावा लागणे अशा घटना त्यांत आहेत. आपल्या यादीत ऑक्सिजन संपणे हे अवश्य असावे. भरलेल्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो ५ तास पुरतो, आणि काटा निम्म्यावर असेल तर अडीच तास. धारणी ते अमरावतीसाठी निम्मा सिलिंडर पुरणार नाही, हे निघण्यापूर्वीच कळते. अपेक्षित वापराच्या दुप्पट साठा घेऊन निघाले का, ही प्रक्रियेची मोजणी झाली. ती घटना घडण्याआधी हाती येते, म्हणून जास्त उपयोगी आहे.

अशा घटना दर १,००० फेऱ्यांमागे लिहाव्यात. थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहावेत. ज्या पथकाच्या नोंदीत वर्षभर एकही घटना नाही, त्या पथकाकडे मी कौतुकाने नव्हे तर काळजीने पाहीन. घटना लिहिणाऱ्या स्टाफ नर्सला खुलासा मागणारी नोटीस गेली, तर पुढच्या महिन्यापासून नोंदवही कोरी राहते. म्हणून घटना लिहिल्याबद्दल कारवाई होणार नाही, असे जिल्ह्याने लेखी सांगावे.

बाळ आधीच अत्यवस्थ होते. मृत्यूचा दोष वाहतुकीवर का?

देऊ नये. मृत्यूदराची सरळ तुलना करणे सर्वांत अन्यायकारक आहे, कारण जे पथक दुर्गम भागातून सर्वांत नाजूक बाळे आणते त्याचाच आकडा वाईट दिसतो. वजन, गर्भाचे आठवडे, मुख्य आजार आणि निघतानाचे गुण यांनुसार बाळांचे गट पाडून गटागटांत तुलना करावी. पहिल्या २४ तासांतील आणि पहिल्या ७ दिवसांतील मृत्यू वेगळे ठेवावेत. पहिल्या दिवसाचा मृत्यू वाहतुकीच्या अधिक जवळ असतो, त्यानंतर कक्षातील काळजीचा वाटा वाढत जातो.

आमच्याकडे महिन्याला तीसच बाळे येतात. टक्केवारीला अर्थ आहे का?

एका महिन्याच्या टक्केवारीला फारसा नाही. मागच्या महिन्यात ३० पैकी १२ थंड आली आणि या महिन्यात ९, म्हणजे ४० वरून ३० टक्के; पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. दर महिन्याचा बिंदू आलेखावर मांडत जावे, मध्यकाची रेघ ओढावी, आणि सलग ६ बिंदू एकाच बाजूला आले तरच काही बदलले असे मानावे. 'आमच्याकडे काहीच घडले नाही' या दाव्यालाही मर्यादा आहे: १०० फेऱ्यांत एकही नळी निसटली नाही, तरी खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

आईवडिलांचा अनुभव गुणवत्तेत धरायचा का?

धरायचाच. सिझेरियन झालेली आई तालुक्याला आणि बाळ जिल्ह्याला, ही अवस्था फार कठीण असते, आणि तिचा परिणाम बाळाच्या दुधावर थेट होतो. निघण्यापूर्वी आईला बाळ दाखवले का, स्पर्श करू दिला का, कुठे आणि कशासाठी नेत आहोत हे तिला समजेल अशा भाषेत, म्हणजे मेळघाटात कोरकूत आणि भामरागडात माडियात, सांगितले का, आई किती तासांत बाळाजवळ पोहोचली, आणि तिचे दूध केव्हा मिळाले, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे घेण्याचे काम पथकातील कोणी करू नये, नाहीतर भिडेपोटी सारे चांगलेच सांगितले जाते. गाडीसाठी घरच्यांना खिशातून पैसे द्यावे लागले का, हेही स्पष्ट विचारावे.

चिठ्ठी आणि बाळ सोपवणे यांची तपासणी कशी करावी?

दर महिन्याला काही चिठ्ठ्या उचलून पाहाव्यात. जन्माची वेळ, वजन, आईला दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने, आईचा रक्तगट, जन्मताना लागलेली मदत, व्हिटॅमिन के, प्रतिजैविकाचा डोस आणि त्याची वेळ हे सारे आहे का, एवढेच मोजायचे. 'रेफर टू हायर सेंटर' असे दोन ओळींत लिहिलेली चिठ्ठी आली, तर पहिला डोस दिला की नाही हे न कळल्याने तो पुन्हा दिला जातो किंवा राहूनच जातो.

मुळात बाळाला हलवावेच लागू नये, हे मोजता येते का?

येते, आणि मला हा सर्वांत महत्त्वाचा निर्देशक वाटतो. इंग्लंडमधील २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या ४८ तासांत मोठ्या केंद्राकडे हलवलेल्या बाळांमध्ये मेंदूच्या गंभीर इजेचे प्रमाण, तिथेच जन्मून तिथेच राहिलेल्या बाळांपेक्षा जास्त आढळले. तिथल्या सुसज्ज पथकांबाबत हे असेल, तर आपण अधिकच सावध असायला हवे. आईला पोटात बाळ असतानाच योग्य ठिकाणी नेणे चांगले. म्हणून हलवलेल्या प्रत्येक बाळामागे विचारावे: आईला प्रसूतीपूर्वी पाठवता आले असते का, जुळी किंवा वाढलेला रक्तदाब आधी माहीत होता का, आणि माहीत असूनही ती तालुक्यालाच का थांबली? जिथे उत्तर 'पाठवता आले असते' असे येते, त्या बाळांची संख्या प्रसूती विभागाच्या बैठकीत मांडावी. ती सुधारणे रुग्णवाहिकेच्या हातात नाही.

हे आकडे कोणाकडे जावेत?

सर्वांत आधी बाळ पाठवणाऱ्या रुग्णालयाकडे आणि ते आणणाऱ्या पथकाकडे, आठवड्याच्या आत. ज्या नर्सने बाळ गुंडाळून दिले, तिला ते ३५.१ वर पोहोचल्याचे आणि पुढे बरे होऊन घरी गेल्याचे किंवा न गेल्याचे कळलेच नाही, तर तिने पुढच्या वेळी वेगळे काय करावे? दाखल होतानाचे चार आकडे, चिठ्ठीतली उणीव आणि बाळाचा पुढचा निकाल, एवढा मजकूर फोनवर किंवा कागदावर परत गेला तरी पुरे. जिल्ह्याच्या मासिक बैठकीत रुग्णालयांची नावे वर-खाली लावून यादी वाचून दाखवण्यापेक्षा, प्रत्येक रुग्णालयाला त्याचा स्वतःचा गेल्या बारा महिन्यांचा आलेख द्यावा. राज्याकडे एकत्रित आकडे जावेत, पण त्यांत शासकीय गाडीने आलेली आणि स्वतःच्या सोयीने आलेली बाळे वेगळी दाखवलेली असावीत, म्हणजे पुढची गाडी कोणत्या तालुक्याला द्यायची हे त्या कागदावरून ठरवता येईल.